केसाळ पायांची माशी

१४ जुलै, रविवार

आली! या पावसाळ्यातली पहिली.

सोसायटीच्या मागे बंद पडलेली कंपनी आहे, तिच्या तारेच्या कुंपणावर रानतोंडली माजलीय. सकाळी तिथेच उभा होतो. पाऊस थांबला, जरा ऊन आलं आणि ही बया पानावर येऊन बसली. काळपट तपकिरी अंग, काचेसारखे पंख — आणि मागचे दोन पाय असे केसाळ, की बाटल्या धुवायचा ब्रशच! पाय वर उचलून बसते. मिरवल्यासारखी.

केसाळ पायांची माशी. नाव माझं. मधमाशीच्या नात्यातलीच कोणीतरी, एकटी राहणारी, पायांच्या केसांत परागकण भरून नेणारी. माझ्याकडच्या पुस्तकांत सापडली नाही, म्हणून बारसं मीच केलं. एसटीतून रिटायर झालो तेव्हापासून दर पावसाळ्यात बघतोय. आमचं निसर्ग मंडळ शाळेच्या पोरांना फिरायला आणतं, त्यांनाही हीच दाखवतो. पोरं मला माशीवाले काका म्हणतात. म्हणू देत! आवडतं.

समीक्षाही होती. लेक डोंबिवलीला दिलीय, तिथेच कॉलेजात झूऑलॉजी शिकवते. एमएस्सी झालेली बाई, पण पावसाळ्यात एखाद्या रविवारी बापाबरोबर चिखलात उभी राहायला येतेच. मी म्हटलं, "बघ, पायांत कसे परागकण भरलेत!" ती म्हणाली, "पाय भारीच आहेत, पप्पा."

घरी आल्यावर आमच्या हिने दोघांनाही बाहेरच चपला धुवायला लावल्या.

१६ जुलै

केदारचा फोन. हा आमच्या मंडळाचा सेक्रेटरी. चाळिशीचा असेल, कॉम्प्युटरवाला, घरात कपाटभर कीटकांची पुस्तकं. मंडळ छोटं पुस्तक काढतंय — ठाण्यापासून कल्याणपर्यंतचे कीटक, खिशात मावेल असं. त्यात एक पान माझ्या माशीला! खाली नाव — "निरीक्षण : सहदेव चिकणे". आणि सप्टेंबरच्या शेवटी प्रकाशन, तिथे मी दहा मिनिटं बोलायचं.

फोन ठेवला आणि घरात दोन फेऱ्या मारल्या. खोपटच्या डेपोत प्रमुख कारागीर म्हणून उभा जन्म गेला, निरोपाला शाल आणि नारळ मिळाला. आता पुस्तकात पान!

हिला सांगितलं. ही म्हणाली, "मग शर्ट घ्या एक. सगळ्या कॉलरी विरल्यात तुमच्या."

१७ जुलै

शर्ट घेतला. फिकट निळा.

२१ जुलै, रविवार

डोकं फिरलंय.

केदारला फोटो पाठवलेले. त्याने उत्तर थेट मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, सगळ्यांसमोर. "काका, रागावू नका. ही माशी नाही वाटत. हा पतंग आहे." खाली पुस्तकातल्या पानाचा फोटो. माझीच माशी, तसेच पाय — आणि नाव पतंगाचं! काचपंखी पतंग म्हणे. माशीचं सोंग घेतो, म्हणजे पक्षी खात नाहीत.

पतंग! दिव्याभोवती घिरट्या घालतात ते! माझी माशी भर उन्हात फिरते. आणि पुढे काय लिहिलंय — "पडवळ व कारल्याच्या मळ्यांत आढळतो. अळी वेलाचे खोड पोखरते."

मी लिहिलं, "केदारजी, खोपटच्या मागच्या गल्लीत पडवळाचे मळे कुठे आहेत ते दाखवा, मी चहा पाजतो." सात-आठ जणांनी हसायची चिन्हं टाकली. बरं वाटलं.

त्याचं पुन्हा — "काका, पुस्तकात शरीराचं वर्णन तंतोतंत जुळतंय."

पुस्तकात! पत्ताच चुकीचा आहे त्या पुस्तकाचा. ज्याला राहण्याची जागा धड सांगता येत नाही, त्याने नाव सांगितलं तर मी का मानू?

२२ जुलै

डेपोत नवीन पोरं यायची ती मॅन्युअल उघडून बसायची. मी गाडी गेटातून आत येतानाच आवाजावरून सांगायचो, क्लच प्लेट गेली. मॅन्युअल नव्या गाडीचं असतं. आमच्याकडे यायची ती कसारा घाटात घासून निघालेली! कान आणि डोळे, बस्स. त्याच डोळ्यांनी मी ही माशी बघितलीय. एक वर्ष नाही, कित्येक वर्षं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते दुसरंच. ग्रुपवर समीक्षाही आहे. दिवसभर एक शब्द नाही तिचा. ती बोलली असती, तर केदार गप्प बसला असता.

रात्री फोन केला. म्हटलं, तू सांग ना त्याला! म्हणाली, "पप्पा, मी काय सांगणार. बघितलंय तुम्ही."

म्हणजे काय? पोटची पोर, विषय तिचा, आणि बापाची बाजू घेत नाही!

२४ जुलै

ही म्हणते, चार दिवस झाले, तोंड पाडून बसलाय. मी कुठे बसलोय? पेपर वाचतोय.

२८ जुलै, रविवार

समीक्षा आली. हिने अळूवडी केलेली. जेवताना मी विषय काढला नाही, तिनेही नाही. नंतर गॅलरीत आली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "पप्पा, एक विचारू? ती परागकण गोळा करते ना. मग नेते कुठे?"

"घरट्यात."

"कुठाय घरटं?"

एकट्या राहणाऱ्या माश्यांची घरटी मी रग्गड बघितलीत — मातीत भोक, भिंतीत भोक, आमच्या खिडकीच्या चौकटीच्या भोकात तर दरवर्षी एक असते. पण या माशीचं? कधीच नाही. फुलावरही... बसते का फुलावर? बसत असणारच. माझ्या नजरेसमोर मात्र येईना. जे आठवलं ते सगळं पानावर, नाहीतर खोडाजवळ.

"शोधतो," म्हटलं.

"शोधा," म्हणाली. उरलेली अळूवडी डब्यात भरून घेतली आणि गेली. कॉलेजात पोरांना असंच छळत असेल!

पण प्रश्न चोख होता. मान्य.

४ ऑगस्ट, रविवार

आठवडाभर सकाळी कुंपणापाशी. चहा झाला की तिकडे. वॉचमन आता विचारतसुद्धा नाही.

आधी मी काय करायचो — दिसली की खूश व्हायचो, फोटो काढायचो, घरी यायचो. आता ती काय करते ते बघतोय. फरक आहे! बघितलं ते असं : तोंडलीच्या पांढऱ्या फुलांवर दुसऱ्या माश्या, मुंग्या, सगळ्यांची जत्रा. ही तिकडे ढुंकून बघत नाही. वेलाच्या खोडाभोवती घिरट्या घालते, पोटाचं टोक खोडाला टेकवते, उडते, पुन्हा टेकवते. अंडी घालते! दुसरं काय असणार?

आणि आज खोडावर गाठी दिसल्या. बोटाएवढं जाड खोड, मध्येच फुगून सुपारीएवढं झालेलं. एक नाही, बऱ्याच. काहींच्या बाजूला भोक, भोकातून ओला भुसा बाहेर आलेला. इतकी वर्षं या वेलीसमोर उभा राहतोय आणि या गाठी मी बघितल्या नाहीत. बघितल्या असतील, नजरेत भरल्या नाहीत.

म्हणजे हेच घरटं! माझी माशी खोडात घर करते. केदारला आता सांगू का? नको. आधी आत बघू.

६ ऑगस्ट

एक गाठ कापून आणली. गॅलरीत पेपर पसरून पेन्सिलच्या ब्लेडने उभी चिरली.

आत बोगदा. बोगद्यात अळी. पांढरट, डोकं तपकिरी. आणि तिला पाय आहेत.

भिंगातून बघितलं, परत बघितलं. पुढे छोटे टोकदार पाय, मागे मांसल. मधमाशीच्या अळीला पाय नसतात. हे मला कोणी पुस्तकातून सांगितलेलं नाही — गावी आमच्या आतेभावाच्या मधपेट्या उघडून मी स्वतः बघितलंय.

म्हणजे ही अळी माझ्या माशीची नव्हे. दुसराच कोणी खोडकिडा असणार. माशी तिथे येते तिचं दुसरंच काही काम असणार.

असणार.

७ ऑगस्ट

झोप नीट लागली नाही. खात्री करायची एकच रीत आहे. गाठीला जाळी बांधायची आणि आतून काय निघतं ते बघायचं. मग पुस्तक नको, केदार नको, मीही नको. जे निघेल ते.

हिने जुन्या मच्छरदाणीच्या पिशव्या शिवून दिल्या, तोंडाला नाडी घालून. म्हणाली, "माशीला झबली शिवायची पाळी आली माझ्यावर." शिवण मात्र बारीक! तिचा हात आहेच तसा.

दुपारी कुंपणावर चांगल्या फुगलेल्या गाठी निवडून पिशव्या बांधल्या.

१३ ऑगस्ट

गेलं सगळं.

पंधरा ऑगस्टसाठी सोसायटीने मागची बाजू साफ करून घेतली. मी सकाळी गेलो तर कुंपण उघडंबोडकं, वेली मुळापासून कापलेल्या, ढीग टेम्पोत भरून रवाना. चूक कोणाची म्हणायची? त्यांना तो कचराच. पिशव्या बांधल्या, पण कोणाला सांगितलं नाही. मला वाटलं, मला माहीत आहे म्हणजे जगाला माहीत आहे.

सोसायटीचा सेक्रेटरी म्हणाला, "काका, साप येतात म्हणून तक्रार होती. तुम्ही बोलला असतात तर तेवढा भाग ठेवला असता." चांगला माणूस आहे. ओरडताही आलं नाही.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाला गेलो. जिलेबी खाल्ली. मागच्या बाजूला बघितलं नाही.

१८ ऑगस्ट, रविवार

शहाडला काळुरामकडे गेलेलो. आमच्या डेपोतला ड्रायव्हर, माझ्याच बरोबरचा. तिथलाच भूमिपुत्र, नदीच्या बाजूला वडिलोपार्जित जागा आहे, अर्ध्या जागेत चाळी बांधल्यात, अर्धी तशीच कुंपण घालून ठेवलीय. मला आठवत होतं, त्याच्या कुंपणावर वेली होत्या.

होत्या! पार वरपर्यंत.

"कं रं सहदेवा, कडू तोंडलीसाठी आलास ठान्याशी? ती गुरं पन खात नाय!"

म्हटलं, तोंडली नको, खोडं दाखव. बघतो तर गाठीच गाठी. आणि समोर पानावर — पाय वर करून बसलेली! माझी बाई. उल्हास नदीच्या काठी, ठाण्यापासून एवढ्या लांब, त्याच वेलीवर. पडवळ कुठे? आसपास नाही.

म्हणजे पत्ता माझाच बरोबर!

या वेळी शहाणा झालोय. हिने पुन्हा शिवून दिलेल्या पिशव्या गाठींना बांधल्या आणि काळुरामला सगळं समजावून सांगितलं. त्याने चाळीतल्या सगळ्यांना ओरडून सांगितलं, "या पिशव्यांना कोनी हात लावायचा नाय! आमच्या प्रमुख कारागिराचं काम चाललाय!" रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, अजून तोच हुद्दा. छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

२१ ऑगस्ट

केदारचा मेसेज : "काका, पुस्तकाचं पान थांबवून ठेवलंय. घाई नाही. तुमचं बघून झालं की सांगा."

सरळ पोरगा आहे. पण थांबवलंय म्हणजे — शंका आहेच.

२७ ऑगस्ट

शहाडहून फोन. अजून काही नाही. काळुराम रोज दोनदा बघतो, माझ्यापेक्षा त्यालाच घाई.

"निंगंल रं," म्हणतो. "अंड्यावर बसल्यावानी करू नको."

१ सप्टेंबर, रविवार

काल संध्याकाळीच शहाडला येऊन राहिलो. एका गाठीच्या भोकावरचा पापुद्रा पातळ झालेला, आतून काहीतरी ढकलत असल्यासारखं. म्हटलं, आता समोरच बसायचं.

सकाळी ऊन कुंपणावर आलं. मी प्लास्टिकची खुर्ची टाकून, काळुराम बाजूला उकिडवा, हातात चहा. भोकातून तपकिरी टोक आलं. कोष! इंच इंच करत अर्धा बाहेर आला आणि तिथेच अडकून राहिला. मग वरून उसवला. आणि त्यातून ओलं, चुरगळलेलं काहीतरी चढून वर आलं, जाळीला धरून बसलं. पंख हळूहळू पसरले. काचेसारखे. मागचे पाय —

तेच पाय. ब्रश.

काळुराम ओरडला, "अरं तुजी माशी!"

मी भिंग लावलं. पंखांच्या कडेला बारीक पावडर, फुलपाखराची असते तशी. बोटावर आली, चकाकली. तोंडाखाली सोंड, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. तिने उलगडली आणि परत गुंडाळली. माशीला अशी सोंड नसते. माशी अशा कोषातून खोड फोडून येत नाही. पायांत परागकणाचा एक दाणा नाही — नुसते केस. आत्ता जन्मलेली, कुठल्याच फुलावर न गेलेली, तरी पाय तसेच भरगच्च! म्हणजे मी आजपर्यंत जे परागकण बघत होतो ते केसच होते.

पतंग. पतंगच.

काळुराम माझ्याकडे बघत राहिला. "कं झाला? निंगली ना?"

"निघाली," म्हटलं. "पण ती माशी नाही रे."

"मंग?"

मी भिंग पुसून खिशात ठेवलं. त्याने दुसरा चहा मागवला.

१ सप्टेंबर, नंतर

घरी आलो. सकाळचं अर्धवट लिहिलेलं.

खूप वेळ वाटत होतं, कोणाला कळायची गरज काय? बघितलं मी आणि काळुरामने, तो काय ग्रुपवर नाही. केदारला सांगायचं, पान काढून टाक, माझं काही नक्की होत नाही. विषय संपला. किती पोरांना सांगितलं मी — बघा, परागकण! त्यांच्यातली काही आता कॉलेजात असतील.

मग समीक्षाला फोन केला. सरळ सांगायचं ठरवलेलं, पण तिने विचारलं, "काय बघितलंत, पप्पा?" आणि मी सुरुवातीपासून सांगत सुटलो. पोटाचं टोक टेकवणं, गाठ, भुसा, पायवाली अळी, कोष अर्धा बाहेर, सोंड. सगळं सांगून झाल्यावर म्हटलं, "पतंग आहे गं. केदार बरोबर होता."

ती म्हणाली, "पप्पा, शाब्बास."

मला कोणी शाब्बास म्हणून किती वर्षं झाली! आणि ते पण चुकलो म्हणून!

२ सप्टेंबर

ग्रुपवर टाकलं. सगळे फोटो, आणि वर एकच वाक्य : "केदारजी, नाव तुमच्या पुस्तकाचं खरं. पतंगच आहे, माझ्या डोळ्यांसमोर खोडातून निघाला."

पाठवायच्या आधी बोट बराच वेळ थांबलेलं. पाठवलं आणि हलकं वाटलं.

केदारचा लगेच फोन. मला वाटलं, आता जिंकल्यासारखा बोलेल. तो म्हणतो, "काका, ती गाठ मी फक्त वाचलीय. कधी बघितलेली नाही. मला दाखवाल?"

१० सप्टेंबर

दीड दिवसाचा गणपती झाला, आज केदारला शहाडला घेऊन गेलो. एवढा पुस्तकं वाचलेला माणूस कुंपणाशी गुडघ्यावर बसला, पँट चिखलाने भरली, भान नाही. "हे असं दिसतं होय!" तीन-चार वेळा म्हणाला.

मग मी मुद्द्यावर आलो. नाव बदललं, ठीक. पण पत्ता? "पडवळ व कारल्याच्या मळ्यांत" असं छापलंस तर ठाण्यातलं कोणी त्याला शोधायला जाणार कुठे? रानतोंडली लिही.

तो म्हणाला, "काका, दोन जागांवरून नाही लिहिता येणार. कदाचित या दोनच वेली असतील तशा."

खरं म्हणजे राग यायला हवा होता. आला नाही. मीही डेपोत हेच सांगायचो — एका गाडीवरून निदान करू नका. म्हटलं, "किती जागा हव्यात?"

हसला. "तुम्ही सांगाल तेवढ्या."

१७ सप्टेंबर

पाय दुखतायत. पण काय मजा!

कल्याणच्या खाडीकडचा रस्ता, डोंबिवलीत समीक्षाच्या कॉलेजामागचा ओढा, ठाण्यात मनोरुग्णालयाच्या बाजूची भिंत — जिथे रानतोंडली तिथे जाऊन खोडं चाचपतोय. लोक बघतात. एका बाईंनी विचारलं, काही हरवलंय का? म्हटलं, नाही हो, सापडतंय!

बहुतेक ठिकाणी गाठी आहेत. काही ठिकाणी नाहीत, तेही लिहून ठेवलं.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे — काळुराम मला टिटवाळ्याच्या बाजूला त्याच्या मेव्हण्याच्या पडवळाच्या मांडवात घेऊन गेला. तिथेही गाठ होती! तशीच! पुस्तक खोटं नव्हतं. ज्याने लिहिलं त्याने मांडव बघितला असणार, आमचं कुंपण बघितलं नसणार. मी कुंपण बघितलं, मांडव बघितला नव्हता.

समीक्षाने तिच्याकडचे शोधनिबंध चाळले. म्हणाली, तोंडलीवर कुठेतरी नोंद असेलही, पण आपल्या भागातली तिला तरी मिळाली नाही. "म्हणजे सध्या तरी तुमचीच, पप्पा." सध्या तरी! पक्की मास्तरीण.

२४ सप्टेंबर

पानाचं प्रूफ आलं. "काचपंखी पतंग. ठाणे ते शहाड, रानतोंडलीच्या वेलींवर, पडवळावरही. खोडावरील गाठ पाहावी. निरीक्षण : सहदेव चिकणे."

हिने चष्मा लावून दोनदा वाचलं. मग देवासमोर ठेवून आली.

२९ सप्टेंबर, रविवार

झालं भाषण!

हॉल भरलेला. काळुराम आख्खं कुटुंब घेऊन आलेला, पहिल्या रांगेत, हातात प्रसादाचे पेढे. समीक्षा आणि ही दुसऱ्या रांगेत. लिहून नेलेला कागद खिशात घातला आणि आपल्या भाषेत बोललो.

म्हटलं, मी बरीच वर्षं तुमच्या मुलांना एका पतंगाला माशी म्हणून दाखवलं. ज्यांना दाखवलं त्यांनी आज घरी जाऊन दुरुस्त करून घ्यायचं. हॉल हसला. म्हटलं, केदारने पुस्तक उघडून नाव ओळखलं, मला ते पटलं नाही, कारण पुस्तकात त्याची राहायची जागा दुसरीच होती. आम्ही दोघं अर्धे-अर्धे बरोबर होतो. नाव पुस्तकाचं निघालं, पत्ता माझा निघाला. पुस्तक वाचा, पण वाचून झालं की कुंपणापाशी जा. आणि नुसतं दिसली म्हणून खूश होऊ नका. ती काय करते ते बघा, कुठे जाते ते बघा. हे मला माझ्या मुलीने शिकवलं, एक प्रश्न विचारून.

टाळ्या! किती वेळ! मागच्या बाजूला एक उंच मुलगी उभी राहिली — करिश्मा नाव, शाळेत असताना आमच्या फेरीला यायची. म्हणाली, "काका, तुमच्या त्या माशीमुळे मी झूऑलॉजी घेतलं. पतंग निघाला तरी चालेल!"

निळा शर्ट पेढ्यांच्या हातांनी डागाळला. ही म्हणाली, राहू दे डाग.

आज मी फार मोठा माणूस आहे. उद्यापासून नेहमीचा.

५ ऑक्टोबर

टेंभी नाक्याला देवीच्या रांगेत उभे होतो, मी आणि ही. मी अजून भाषणाचंच बोलत होतो — समीक्षाने तो घरट्याचा प्रश्न विचारला नसता तर मी पतंगापर्यंत पोचलोच नसतो. ही ओटीचं ताट सावरत सहज म्हणाली, "तिला एमएस्सीला असल्यापासून माहीत होतं ते."

"काय माहीत होतं?"

"पतंग आहे म्हणून. मला तेव्हाच बोललेली. आई, पप्पांना नको सांगूस, ते कोणाचं सांगितलेलं मानत नाहीत. बघतील एक दिवस स्वतःच."

म्हणजे दर पावसाळ्यात ती डोंबिवलीहून यायची. माझ्या बाजूला उभी राहायची. मी परागकण दाखवायचो आणि ती बघायची — माझ्याकडे.

"काका, सरका ना पुढे," मागून कोणीतरी म्हणालं. आमच्या पुढची रांग कधीच पुढे गेलेली.